माळव्यातून कोकणातल्या मूळ गावी गाडीने: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इंदूर, देवास, धार, उज्जैन इथली मराठी घरं कोकणातलं मूळ गाव बघायला निघतात, तेव्हा बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी समुद्राकाठचं हॉटेल ठरतं, मग गाडीची सर्व्हिसिंग होते, आणि गावाच्या फाट्यावर पोचल्यावर घरी फोन जातो, "आबा, आपली वाडी कोणती हो?" आबांना आठवत नाही. मग देवळाबाहेर एक फोटो, दोन दिवस किनाऱ्यावर, आणि परत. शेकडो किलोमीटर जाऊन गावातल्या एकाही माणसाशी नातं जुळलेलं नसतं.

हा लेख तसं होऊ नये यासाठी आहे. इथली उदाहरणं इंदूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग या वाटेवरची आहेत. बडोदा, ग्वाल्हेर किंवा नागपूरहून निघणाऱ्यांचा रस्ता वेगळा असेल, कामाचा क्रम मात्र हाच ठेवावा.

## टप्पा १: घरातला शोध (निघण्याआधी किमान तीन महिने)

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्क माणसापासून करा. फक्त वडिलांच्या बाजूच्या नको. आत्या, मोठी काकू, आजीची बहीण यांना बारीकसारीक गोष्टी जास्त आठवतात, कारण सण, ओटी, नवस हे सगळं त्यांच्या हातून झालेलं असतं. त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. "आपलं गाव कोणतं?" या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी असं विचारा:

- कुलदैवत कोणतं, कुलस्वामिनी कोणती, आणि गावाचा ग्रामदेव कोणता? ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात.
- घराजवळ काय होतं? पऱ्ह्या (ओढा), खाडी, देऊळ, सडा (कातळाचं पठार), फणसाचं झाड, काहीही.
- गावाहून आंबे, कोकमं, पत्र किंवा लग्नाची पत्रिका कोणाकडून यायची?
- गावाला शेवटचं कोण गेलं होतं आणि कोणाकडे उतरलं होतं?
- आजीचं, पणजीचं माहेर कुठलं?

यानंतर कागद काढा. जुन्या लग्नपत्रिकेच्या माथ्यावर कुलदेवतांची नावं छापलेली असतात. शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यावर जन्मगाव सापडतं. देवघरातले टाक, म्हणजे देवतेची आकृती उमटवलेले धातूचे छोटे पत्रे, नीट बघा. टाकावरची देवता ओळखता आली नाही तर स्वच्छ फोटो काढून ठेवा, गावातला गुरव किंवा जुना सोनार बहुधा सांगू शकतो.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त लोक अडतात तिकडे वळू: आडनाव. होळकर-शिंद्यांच्या राज्यात चाकरी केलेल्या कितीतरी घरांना हुद्द्यावरून आडनाव पडलं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दिवाण ही त्यातली. गावात या आडनावाने चौकशी केलीत तर कोणीही ओळखणार नाही, कारण तिथे राहिलेली भावकी आजही जुनंच आडनाव लावते. हुद्द्याचं आडनाव असेल तर मूळ आडनाव कळेपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

तपासा: मूळ आडनाव, गाव, शक्य असल्यास वाडी, कुलदैवत आणि किमान तीन पिढ्यांची नावं एका कागदावर लिहून झाली का?

## टप्पा २: गाव नक्की करणं

एकाच नावाची गावं कोकणात आणि घाटावर ढिगाने आहेत. पाली रायगडात आहे, रत्नागिरी तालुक्यात आहे, साताऱ्यातही आहे. शिरगाव रत्नागिरीजवळ सापडेल, चिपळूण तालुक्यात सापडेल, देवगडातही सापडेल. नकाशावर नाव टाकून पहिलं आलेलं गाव आपलं समजणं ही दर सुट्टीत होणारी चूक आहे.

जुन्या कागदावरचा जिल्हा तसाच्या तसा धरू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणून आजोबांच्या दाखल्यावर "ता. मालवण, जि. रत्नागिरी" असं असेल तर ते बरोबरच आहे, फक्त आज ते गाव सिंधुदुर्गात शोधायचं. "जि. कुलाबा" असेल तर तो आजचा रायगड.

गाव पक्कं करायला चार वाटा आहेत. सोप्यापासून सुरुवात करा.

कुलवृत्तांत. तुमच्या कुळाचा कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ, छापलेला असेल तर अर्धं काम झालं. त्यात घराणी गावानुसार लावलेली असतात. आपली शाखा शोधताना इंदूर, देवास, महू ही नावंही बघा, कारण पूर्वज तिथे गेल्यावर नोंद "वास्तव्य इंदूर" अशी झालेली असते.

मुंबईचं ग्रामस्थ मंडळ. कोकणातल्या पुष्कळ गावांचं मुंबईत एखादं ग्रामविकास किंवा ग्रामस्थ मंडळ असतं. गावात आता कोण राहतं, कोणाचं घर बंद आहे, पालखीचा मान कोणाकडे आहे हे मंडळाच्या चिटणीसांना पाठ असतं. माझ्या मते या सगळ्या शोधातला हा सर्वांत मोलाचा फोन आहे, आणि तो करायचं बहुतेकांना सुचतही नाही.

सातबारा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावाने शोध घेता येतो. तिथे आपल्या आडनावाची माणसं दिसली तर गाव बरोबर असण्याची शक्यता वाढते आणि कोणाला विचारायचं हेही कळतं. हे काम घरी बसून करा. त्याची छापील प्रत गावात घेऊन जाऊ नका. कारण टप्पा ६ मध्ये सांगितलं आहे.

तीर्थपुरोहितांच्या वह्या. यात्रेला आलेल्यांच्या घराण्यांची नावं यात लिहिलेली असतात. त्या नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला मिळतात. या वाटेवरच आहेत, म्हणून टप्पा ५ मध्ये त्यांना वेगळा दिवस दिला आहे.

इशारा: गावाचं नाव कळलं म्हणजे पत्ता कळला असं नाही. कोकणात गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या दहा-बारा वाड्या. वरचीवाडी आणि खालचीवाडी यांच्यात कधी दोन-तीन किलोमीटरचा चढ असतो. नकाशातली खूण बहुधा ग्रामपंचायतीवर किंवा शाळेवर नेऊन सोडते.

## टप्पा ३: तारीख ठरवणं

जून ते सप्टेंबर पहिल्या भेटीसाठी नको. हिरवं कोकण बघायचं असेल तर पुन्हा जा. पावसात घाटात दरडी येतात, वरंधा घाट बंद होतो, आणि पडक्या घराच्या जोत्यापर्यंत रान माजलेलं असतं.

गणपतीत सगळी भावकी गावात असते हे खरं. पण मुंबई-गोवा महामार्ग त्याच दिवसांत गाड्यांनी भरून वाहतो आणि प्रत्येक घर आपापल्या पाहुण्यांत बुडालेलं असतं. अनोळखी माणसाशी निवांत बसून बोलायला कोणाला सवड नसते. मे महिन्यात चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारे गावकरी, येतात, आंबा असतो, पण उकाडा आणि पाण्याची टंचाई दोन्ही सोसावी लागतात.

म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सिंधुदुर्गातलं गाव असेल तर कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा असतात, गावच्या जत्रेची तारीख विचारून तिला जोडून जा. रत्नागिरी जिल्ह्यातलं असेल आणि पालखी घरोघर येताना बघायची ओढ असेल तर शिमगा उत्तम, मात्र पालखी आपल्या वाडीत कोणत्या दिवशी येते हे आधी विचारून घ्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रातली सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात, तेव्हा गावातल्या मुक्कामात किमान दोन कामाचे दिवस आले पाहिजेत. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या सुमारास वह्या बघण्याचा बेत करू नका. पितृपक्षातही करू नका.

तपासा: गावातल्या किंवा मंडळातल्या एका तरी माणसाशी फोनवर बोलून तारीख कळवली का? हे झालं नसेल तर निघू नका.

## टप्पा ४: गाडी आणि कागद

यात थोडक्यात आटोपतो, कारण हे सगळे करतातच. ब्रेक आणि टायर दाखवून घ्या, स्टेपनीत हवा भरा. विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा. आरसी आणि लायसन डिजिलॉकरमध्ये असू द्या, पण घाटात रेंज जाते, म्हणून छापील प्रतीही ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

फास्टॅगबद्दल एक गैरसमज आहे. त्याचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर चालतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे राज्याचे, तिथे पास चालत नाही, टॅगमधले पैसे कापले जातात. तेव्हा पास असला तरी टॅगमध्ये शिल्लक हवी.

रोख पैसे न्या, त्यातही दहा, वीस, पन्नासच्या नोटा जास्त. देवळातली दक्षिणा, जेट्टीवरचं तिकीट, वाडीतलं दुकान, सगळीकडे मोबाईलवरून पैसे जातीलच असं नाही.

सोबत नेण्याच्या पिशवीत ओटीचं सामान हवं: खण, तांदूळ, हळदकुंकू. नारळ गावाजवळ घ्या. भेटायच्या घरांसाठी इंदूरची शेव आणि मिठाई घ्या, घरं मोजून, आणि त्यावर चार पुडे जास्त. एका घरी दिलं आणि शेजारच्या चुलतघरी दिलं नाही ही गोष्ट वाडीत लक्षात राहते.

## टप्पा ५: रस्ता

### पहिला दिवस: इंदूर ते नाशिक

अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक. पहाटे निघा. धामणोदकडे उतरताना गणपती घाट आणि सीमेवरचा बिजासन घाट, दोन्हीकडे भरलेले ट्रक असतात. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि ट्रकच्या पुढे लगेच घुसू नका, त्याचा ब्रेक लागला नाही तर तुम्ही त्याच्या वाटेत असता.

नाशिकला मुक्काम करा. इंदूरहून थेट कोकण गाठायचा हट्ट धरणारे रात्री अनोळखी घाटात उतरतात. तसं करू नका.

### दुसरा दिवस: वह्या

सकाळी रामकुंडावर जा. पुरोहित आडनाव, मूळ गाव आणि ज्ञाती विचारतात आणि तुमच्या घराण्याची वही कोणाकडे आहे ते सांगतात. पूर्वजांपैकी कोणी तीर्थयात्रेला आलं असेल, तर त्याने सांगितलेली नावं त्या वहीत असतात, कधी त्याच्या सहीनिशी.

इथे लोक एकच गाव सांगतात आणि "नोंद नाही" ऐकून परततात. दोन्ही सांगा: कोकणातलं गाव आणि माळव्यातलं गाव. पणजोबा देवासहून आले असतील तर नोंद देवासखाली असू शकते, आणि त्याच ओळीत "मूळ राहणार" म्हणून कोकणातलं गाव सापडू शकतं. नाशिकला नाही मिळालं तर त्र्यंबकेश्वरला विचारा, अंतर तीसेक किलोमीटर.

जुनी पानं मोडी लिपीत असतील. फोटो काढायची परवानगी विचारा, प्रकाश बाजूने येऊ द्या, पूर्ण पान आणि पानाचा क्रमांक दिसू द्या. वाचून घेण्याचं काम नंतर मोडी जाणणाऱ्याकडून करता येतं. निघताना आपल्या पिढीची नावं त्या वहीत लिहून या. दक्षिणा आधीच बोलून ठरवा, म्हणजे नंतर कोणाचंच मन दुखावत नाही.

### तिसरा दिवस: कोकणात उतरणं

आपलं गाव कुठे आहे त्यावर घाट ठरतो. नकाशा सर्वांत जवळची वाट दाखवतो, पण ती दरवेळी चांगली नसते.

- मंडणगड, दापोली, खेड: इगतपुरीहून समृद्धीने आमणे, पुढे भिवंडी, पनवेल आणि मुंबई-गोवा महामार्ग. भिवंडी ते पनवेल हा पट्टा संध्याकाळी टाळा. नाहीतर नाशिक-पुणे करून पुण्याला राहा आणि सकाळी ताम्हिणीने माणगावला उतरा.
- चिपळूण, गुहागर: पुण्याहून कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट.
- संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा: कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा.
- कणकवली, मालवण: कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट.
- सावंतवाडी, वेंगुर्ले: निपाणी, आजरा, आंबोली.

पुण्याहून किंवा कोल्हापूरहून उतरणार असाल तर वाटेत एक मुक्काम जास्त धरा. दापोलीहून गुहागरकडे जायचं झालं तर दाभोळ-धोपावे जेट्टीवर गाडी बोटीत चढवता येते, मोठा वळसा वाचतो.

इशारा: गावाच्या फाट्यावर उजेड असताना पोचलंच पाहिजे. आतले रस्ते एका गाडीचे असतात, समोरून एसटी आली तर तुम्हाला मागे यावं लागतं. अंधारात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधून, गाडी मागे घेणं नवख्याचं काम नाही.

मुक्काम तालुक्याच्या गावी किंवा जवळच्या घरगुती निवासात ठेवा. पहिल्याच भेटीत नातलगाच्या घरी पाच माणसं घेऊन उतरू नका. तिथे बहुधा दोन म्हातारी माणसं राहत असतात, आणि ती नको म्हणणार नाहीत.

## टप्पा ६: गावात पाऊल ठेवल्यावर

इथे क्रम चुकला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

१. आधी देऊळ. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवा. गुरव किंवा मानकरी तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतील, अमुक घराण्यातली माणसं इतक्या वर्षांनी पायाशी आली आहेत असं देवाला सांगतील. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाभाऱ्यात जाणं, फोटो काढणं हे विचारल्याशिवाय नाही. या अर्ध्या तासात तुम्ही कोण हे वाडीभर कळतं, वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

२. मग भावकीतलं सर्वांत मोठं घर. मोठं म्हणजे वयाने. तिथे बसा, पाणी घ्या, नमस्कार करा, आणि टप्पा १ मधला नावांचा कागद पुढे ठेवा. बोलणं त्यांना करू द्या. तुमच्या कागदावरच्या नावाशी त्यांचं एखादं नाव जुळलं की पुढचे दोन तास प्रश्न विचारायची गरज पडत नाही.

३. जमिनीचा विषय काढू नका. बाहेरून इतक्या वर्षांनी माणूस आला की गावात पहिली शंका हीच येते की हिस्सा मागायला आला. तुमच्या मनात तसं काही नसलं तरी सातबाऱ्याचा कागद हातात दिसला की बोलणं आटतं. शिवाय वस्तुस्थिती समजून घ्या. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनंतर बाहेरगावी असलेल्यांच्या पुष्कळ जमिनी कसणाऱ्या कुळांच्या नावावर झाल्या. ती माणसं ती जमीन पिढ्यान्पिढ्या कसत आली आहेत. त्यांच्या अंगणात उभं राहून "ही आमची" म्हणणं चुकीचं आहे आणि दुखावणारंही आहे. खरोखर हक्काचा प्रश्न असेल तर तो वेगळ्या वेळी, वकिलाचा सल्ला घेऊन हाताळा. या भेटीत मिसळू नका.

४. मग घर किंवा जोतं. घर उभं असेल तर राहणाऱ्यांनी बोलावल्यावरच आत जा. पडलं असेल तर जोतं, तुळशीवृंदावन, विहीर एवढं उरलेलं असतं. वाडीतला माणूस सोबत घ्या, पायात बूट घाला. जुन्या चिऱ्याच्या विहिरींना कित्येकदा कठडा नसतो आणि तोंडावर रान वाढलेलं असतं, तेव्हा मुलांचा हात सोडू नका. कोणतीही वस्तू उचलून आणू नका. मूठभर माती हवी असली तरी विचारून घ्या.

तपासा: पहिल्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाचं नाव, तुमच्याशी नातं आणि फोन नंबर रात्री लिहिला का? दुसऱ्या दिवशी तीन बाळाकाकांमधला कोणता कोण हे आठवत नाही.

## टप्पा ७: नोंदी बघणं

हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, आणि भावकीला सांगून. प्राथमिक शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांना विनंती केली तर बघायला मिळू शकतं. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो. गाव, आडनाव आणि अंदाजे सालांची मर्यादा अर्जात लिहा. "आमच्या घराण्याच्या सगळ्या नोंदी" असा अर्ज केलात तर तो तसाच पडून राहील. प्रती त्याच दिवशी मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका, गावातल्या कोणाला तरी त्या घेता येतील का ते विचारून या. जुन्या नोंदी इथेही मोडीत असू शकतात.

पणजोबांचा जन्म नोंदीत सापडला नाही म्हणून गाव चुकलं असं लगेच समजू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे. पणजीच्या माहेरचं गाव टप्पा १ मध्ये विचारायला सांगितलं ते यासाठी.

## टप्पा ८: परत आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत

पुढे ढकललं की हे राहून जातं. फोटोंवर नावं लिहा. वंशावळ नव्या माहितीने पूर्ण करा, आणि ज्या नात्याबद्दल खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने रेघ जोडू नका. मुली आणि सुना यांची नावंही घाला, जुन्या वंशावळींत ती गाळलेली असतात.

त्या वंशावळीच्या आणि फोटोंच्या छापील प्रती गावातल्या प्रत्येक घरी पोस्टाने पाठवा. मोबाईलवर पाठवलेलं म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचत नाही. सोबत तुमचा पत्ता आणि फोन नंबर ठळक अक्षरात लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या जत्रेची किंवा पालखीची तारीख ठरली की कळवा, अशी विनंती करा. देवस्थानाला वर्गणी द्यायची असेल तर ती थेट देवस्थानाच्या पावतीवर द्या, कोणा एकाच्या हाती नको.

पाकिटावर गावाबरोबर वाडीचं नाव लिहायला विसरू नका.